दलाल स्ट्रीटवर नोकरीची खबर कशी फिरते

शेअर दलालांच्या पेढ्यांत जागा रिकामी झाली तरी वर्तमानपत्रात जाहिरात क्वचितच का दिसते, असे वाणिज्य शाखेचे तरुण आम्हाला विचारतात. आम्ही पडलो कापडवाले. परंतु गल्ली कापडाची असो की पैशाची, तिची रीत फारशी वेगळी नसते.

मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला तोच घोळक्यातून. १८५० च्या दशकात काही दलाल टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. माणसे वाढली तशा जागा बदलल्या. १८७४ मध्ये ही मंडळी आजच्या दलाल स्ट्रीटवर आली व १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना स्थापली. मग बँका, विमा कंपन्या, हिशेब तपासनीस, वकील असे सारेच फोर्टात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येऊन बसले. जागा महाग, जिने अरुंद, तरी कोणी हलेना. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात याचे कारण दिले आहे. एकाच धंद्याची माणसे शेजारी राहिली की त्या धंद्याचे गुपित गुपित राहत नाही, ते जणू हवेतूनच पसरते. शिवाय मालकाला कसबी माणूस आणि कसबी माणसाला मालक तिथेच सापडतो.

रिंगणात आरडाओरड करून सौदे होत, त्या काळी हे उघड दिसे. सौदा तोंडी, नोंद हातातल्या वहीत. मग दोन्ही पेढ्यांची माणसे बसून नोंदी जुळवीत, आणि जुळले नाही की वांधा. कोणाचा गुमास्ता चोख, कोण भाव फिरला की शब्द फिरवतो, हे शेजारच्या पेढीला अशा रोजच्या व्यवहारातूनच कळे. मुलाखतीची गरजच काय? चहाच्या टपरीवर एक वाक्य पुरे. आणलेला माणूस बिघडला तर शिफारस करणाऱ्याचीही इज्जत जाई, म्हणून शिफारस एक प्रकारची जामीनकीच होती.

ही पद्धत स्वस्त आहे, जलद आहे. परंतु तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तीच ती माणसे या पेढीतून त्या पेढीत फिरतात आणि ज्याचा मामा-काका त्या गल्लीत नाही, त्याच्यापर्यंत खबर पोचतच नाही. टपरीवर उभ्या न राहणाऱ्या मुलींची अडचण त्याहून मोठी. गुणवत्ता कमी म्हणून नव्हे, ऐकायला जवळ नाही म्हणून माणूस मागे पडतो.

तरीही मामा-काका नसणे म्हणजे दार बंद, असे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांची पाहणी केली. ती १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. गंमत पुढेच आहे. ज्यांच्याकडून खबर मिळाली त्यांना नेहमी भेटणारे शंभरात अवघे सतराच्या आसपास. बाकीच्यांची भेट अधूनमधून किंवा वर्षाकाठी एखादी. कारण सरळ आहे. घरच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीकडेच असते.

१९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने व १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने पडद्यावर सौदे सुरू केले. रिंगणातली आरोळी थांबली. सौदा कुठूनही करता येऊ लागल्यावर गल्ली ओस पडायला हवी होती. पण झाले असे की मोठ्या कंपन्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या आणि तिथेही एकमेकींना खेटूनच बसल्या. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज तिथे, सेबीही तिथेच. भाव पडद्यावर दिसतो. कोणत्या कचेरीतला कोण पुढच्या महिन्यात सोडून चालला आहे, हे पडद्यावर दिसत नाही.

एक बदल मात्र बाहेरच्या मुलाच्या फायद्याचा झाला. सेबीने २००७ च्या नियमांनी बाजारातील अनेक कामांसाठी प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. या परीक्षा एनआयएसएम ही संस्था घेते. दलालाच्या कचेरीतील सौदे व जोखमीचे काम पाहणाऱ्यांसाठी तिची सातवी मालिका आहे. प्रमाणपत्राने शिफारशीची जागा भरत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण त्या परीक्षेला बसणाऱ्यांत पेढ्यांत आधीच कामाला असलेली माणसेही असतात. पेपर देऊन तडक स्टेशन गाठू नये. शेजारच्या बाकावरचा कोणत्या कचेरीत आहे, तिथे सौदे कोण पाहतो, एवढे विचारावे, त्याचा नंबर घ्यावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा फोन करावा.