सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार : घेतल्यानंतरचा खर्च

ओएलएक्सवर किंवा ओळखीतून १२ हजारांना घेतलेली इलेक्ट्रिक गिटार १२ हजारांना पडत नाही. तारा, सेटअप, एखादी वायर, एखादं बटण असं करत पहिल्या महिन्यात आणखी दीड ते साडेतीन हजार जातात. सौदा करतानाच एवढे धरून चालावं. मात्र या वाद्याची एक गंमत आहे. त्याची स्वस्त दुखणी फार आरडाओरडा करतात आणि महागडी गप्प बसून असतात. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर ऐकून माणूस धास्तावतो, आणि ती दोन-अडीचशे रुपयांच्या स्प्रेने जाते. मान पिळलेली असेल तर सुरुवातीला काही कळतही नाही, आणि कळतं तेव्हा पैसे ओतून उपयोग नसतो. म्हणून गिटार घरी आल्यावर पहिले आठ दिवस काही विकत न घेता ती नुसती तपासावी.

पुढचे दर मुंबई-पुण्याकडचे आणि ढोबळ आहेत. लहान गावात मजुरी कमी पडते, पण चांगला हात सापडणं कठीण आणि सुटे भाग कुरिअरने मागवावे लागतात.

आधी नंबर बघा. डोक्याच्या मागे किंवा मान जिथे धडाला जोडली आहे तिथे सिरियल नंबर असतो. इंडोनेशियातल्या स्क्वायरवर ‘आयसीएस’ या अक्षरांनंतरचे दोन आकडे वर्ष सांगतात. म्हणजे १० असेल तर गिटार २०१०ची. गेल्या काही वर्षांतल्या एपिफोनवर बहुधा पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे. विकणारा ‘दोनच वर्षं वापरलीय’ म्हणाला होता, ते इथे पडताळता येतं. आणि ‘मेड इन यूएसए’ लिहिलेली गिब्सन कुणी २५ हजारांत दिली असेल, तर ती गिब्सन नाही हे मनाशी मान्य करून टाका. वाजायला ती बरी असूही शकते, पण पुढे विकताना त्या नावाचा एक रुपयाही मिळणार नाही.

आता मान, कारण खरा पैसा तिथे आहे. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून धडाकडून डोक्याकडे, मानेच्या दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडा एकाच तऱ्हेने किंचित वाकलेल्या असतील तर ते दुखणं नव्हे. तारांचा ताण मानेला पुढे ओढतो आणि आतली ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई तिला मागे खेचते. त्या दोहोंचा समतोल ढळला की मान वाकते, आणि तो सेटअपमध्ये परत साधता येतो. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर मान पिळलेली आहे. त्यावर परवडणारा इलाज नाही. परत करता येत असेल तर गिटार लगेच परत करा. दुसरी जागा डोक्याच्या अगदी मागची, नटाच्या (डोक्याजवळच्या, तारा खाचांत बसवणाऱ्या पट्टीच्या) खालची. गिब्सन घाटाच्या गिटारांचं डोकं मागे कललेलं असतं आणि पडल्यावर तिथेच तडा जातो. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा, नखाने चाचपा. नीट चिकटवलेला तडा वर्षानुवर्षं टिकतो, पण चिकटवून घ्यायला ३ ते ६ हजार लागतात आणि गिटारची किंमत तरीही पडते ती पडतेच.

फ्रेटांची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्यांची, झीज पहिल्या तीन-चार फ्रेटांवर, बारीक तारांच्या खाली दिसते, कारण शिकणाऱ्याची बोटं तिथेच जास्त दाबली जातात. तार बाजूला सारून पाहा. किंचित चपटेपणा असेल तर सोडून द्या. नखाला खड्डा जाणवत असेल आणि तिथला सूर झणझणत असेल, तर फ्रेट घासून समतल करावे लागतात. त्याला साधारण २ ते साडेतीन हजार. घासताना फ्रेटची उंची कमी होते, म्हणून हे काम एका गिटारवर दोन-तीनदाच होऊ शकतं. सगळे फ्रेट बदलायचे झाले तर ७ ते १२ हजार. १२ हजारांच्या गिटारवर हा खर्च करणं म्हणजे हौस. हौसेला ना नाही, पण हिशेबाच्या वहीत ती वेगळ्या पानावर लिहावी.

झणझणीबद्दल थोडं आणखी. तंबोऱ्याला जो झणकार यावा म्हणून कारागीर जवारी काढतो, तसाच आवाज इथे दोष मानला जातो. पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये तो ॲम्पमधून ऐकू येतो का, एवढंच महत्त्वाचं. नुसत्या तारेवर येणारी आणि स्पीकरमध्ये न उतरणारी बारीक झणझण चालवून घ्या. ती घालवायला कारागीर तारा उंच करेल आणि बोटं दुखतील तुमची.

पहिला खरा खर्च तारांचा. जुन्या तारांवर गिटारची परीक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे. चांगल्या कंपनीचा एक संच ५०० ते ९०० रुपयांत येतो. ‘९ ते ४२’ म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या ९ हजारांश भागाइतकी. नवशिक्याच्या बोटांना हाच संच सोपा. ‘१०-४६’ किंचित जाड. एक गोष्ट दुकानात क्वचित सांगतात : गिटारवरच्या जाड तारा सोनेरी-तांबूस दिसत असतील, तर आधीच्या मालकाने अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ तारा चढवलेल्या असू शकतात. तारेचं कंपन टिपणारं पिकअप हे लोहचुंबकावर चालतं, ब्राँझचा वेढा त्याला फारसा जाणवत नाही, म्हणून जाड तारांचा आवाज दबका येतो. अशा वेळी लोक पिकअप बदलायला धावतात, आणि काम मात्र सातशे रुपयांचं असतं.

तारा काढल्या आहेत तोवर मान आणि तिच्यावरची फ्रेटांची पट्टी पुसून घ्या. रोझवूडच्या काळपट पट्टीला लेमन ऑइलचे दोन थेंब पुरतात. खोबरेल तेल नको. ते खवट आणि चिकट होतं. फिकट, चकचकीत मेपलच्या पट्टीला फक्त ओलसर फडकं.

विजेकडचं काम सर्वांत गोंगाटाचं आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त. आवाज तुटतोय? आधी दुसरी वायर लावून पाहा. वायर ३०० ते ८०० रुपयांना मिळते आणि निम्म्या तक्रारी तिच्यापाशीच संपतात. मग जॅकचं नट घट्ट करा. जॅकच बदलायचा तर भाग १०० ते ५०० आणि सोल्डरिंगची मजुरी २०० ते ३००. खरखरणाऱ्या बटणात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवा. तरीही खरखर राहिली तरच पॉट (बटणाखालचा फिरता भाग) बदला, साधा १५० ते ४०० रुपयांत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत क्लीनर, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर सगळं मिळतं. पॉट घेताना जुन्यावरचा आकडा वाचून न्या : एका वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपला बहुधा २५० के, दुहेरी वेटोळ्याच्या हंबकरला ५०० के. पिकअप जिवंत आहे का, हे पाहायला ॲम्प सुरू ठेवून स्क्रूड्रायव्हरने त्यावर हलकेच टिचकी मारा. ठक आवाज आला तर जिवंत.

घरघर हा वेगळा विषय आहे. सिंगल कॉइल पिकअप थोडं घरघरतंच, तो त्याचा स्वभाव. अमेरिकन व्हिडिओंमध्ये ती साठ सायकलची घरघर म्हणून ओळखली जाते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपल्याकडची घरघर किंचित खर्जातली. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारच्या आतलं अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मात्र गिटार खाली ठेवा, ॲम्पचा प्लग काढा आणि आधी घरातल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतीत अनेकदा तीन पिनांच्या सॉकेटला मागे अर्थची वायरच नसते, आणि दोन पिनांच्या ॲडॉप्टरने तर ती हमखास तुटते. इथे काटकसर करू नये.

आता सेटअप. जाणकाराकडे १ ते २ हजार, तारा वेगळ्या. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असेल तर पाचशे जास्त. त्यात मान सरळ करणं, तारांची उंची, इंटोनेशन आणि पिकअपची उंची एवढं झालंच पाहिजे. परत आणल्यावर पट्टीने मोजा : बाराव्या फ्रेटवर जाड तार दीड ते दोन मिलिमीटर उंच असावी. इंटोनेशन फोनवरच्या फुकट ट्यूनरने कळतं. बाराव्या फ्रेटवर तार दाबून आलेला सूर आणि तिथेच नुसत्या स्पर्शाने काढलेला हार्मोनिक एकच असायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल मानेपासून दूर सरकवायचं, उतरता असेल तर जवळ. हे घरी सहज जमतं. ट्रस रॉडला हात लावणार असाल तर एका वेळी पाव फेरा, मग काही तास थांबणं. अडली तर जोर करू नका. तुटलेली सळई ही पिळलेल्या मानेइतकीच वाईट.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं, मान हलते, तारा दोन आठवड्यांत गंजतात. नागपूरकडे उन्हाळ्यात उलट होतं : पट्टी आक्रसते आणि फ्रेटांची टोकं बाहेर येऊन तळहाताला खरचटतात. जून-जुलैत गिटार घेतली असेल तर सेटअप लगेच करा, पण ऑक्टोबरनंतर छोटी दुरुस्ती लागेल ती त्याच कारागिराकडून त्याच पैशांत ठरवून घ्या. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, शंभर-दोनशेंच्या.

नवी पिकअप, लॉकिंग खुंट्या, महागडा ब्रिज यांवर पहिल्या सहा महिन्यांत खर्च नको. विकताना त्यांचे पैसे परत येत नाहीत. त्याच पैशांत हेडफोनला जोडायचा छोटा ॲम्प येतो आणि शेजारी सुखी राहतात. पुढे पिकअप बदललंच, तर मूळचं स्क्रूसकट पुडीत बांधून गिटारच्या बॅगेत ठेवा. घेणारा तेच मागतो, आणि नसेल तर त्यावर भाव पाडतो.