क्रॉसमेंबर काढताना: आधी भार, मग बोल्ट

गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मधे खालून एक आडवी लोखंडी फ्रेम असते, ती क्रॉसमेंबर. परीक्षेत हिच्यावर क्वचितच प्रश्न येतो. पण प्रोजेक्टसाठी जुनी गाडी खोलायची म्हटलं, की हिच्याच खाली आपल्याला झोपावं लागतं. म्हणून हा लेख.

उदाहरणासाठी भारतात २००५ साली आलेली स्विफ्ट घेऊ. इंजिन आडवं, ओढणारी चाकं पुढची, सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट. क्रॉसमेंबरवर दोन्ही लोअर आर्म, स्टॅबिलायझर बार, स्टिअरिंग रॅक आणि इंजिनचं मागचं फाउंडेशन बसलेलं असतं. म्हणजे नुसते बोल्ट काढणं एवढंच हे काम नाही. प्रत्येक जोडावरचा भार आधी दुसरीकडे द्यायचा, मग पाना लावायचा. फर्स्ट इयरला फ्री बॉडी डायग्रामचा कंटाळा यायचा ना? तो इथे उपयोगी पडतो.

क्रम असा ठेवावा:

१) बॅटरीची वायर काढा. चाकं सरळ करून स्टिअरिंग लॉक करा. रॅक सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं, तर एअरबॅग असलेल्या गाडीत आतली गुंडाळलेली केबल तुटते.

२) गाडी उचलून स्टॅण्ड बॉडीच्या ठरलेल्या जागीच लावा. क्रॉसमेंबरखाली नाही, कारण तीच तर काढायची आहे! नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका.

३) इंजिनला वरून आधार द्या, सपोर्ट बार किंवा चेनपुलीचा. मागचं फाउंडेशन सुटलं की इंजिन झुलतं.

४) स्टिअरिंगच्या जोडावर खूण करून त्याचा बोल्ट काढा. मग टाय रॉड, बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझरच्या लिंक सोडवा.

५) क्रॉसमेंबर बॉडीला जिथे टेकते तिथे रंगाने खुणा करा. खाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा, सगळे बोल्ट थोडेथोडे सैल करा आणि हळू खाली घ्या. एखादी वायर अडकली आहे का, ते दर इंचाला बघा.

आता स्प्रिंगबद्दल. मॅकफर्सनमध्ये स्प्रिंग स्ट्रटमध्येच बंद असते, म्हणून क्रॉसमेंबर काढताना ती सुटत नाही. पण डबल विशबोनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत ती खालचा आर्म आणि क्रॉसमेंबर यांच्यात दाबलेली असते. समजा एका चाकावर २५० किलो वजन आहे आणि स्प्रिंग आर्मच्या मध्यावर आहे. मग लिव्हरच्या नियमाने स्प्रिंगवर सुमारे ५०० किलोचा दाब येतो. गाडी उचलली की तो कमी होतो, पण शून्य होत नाही. अशा गाडीत स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय बॉल जॉइंटला हात लावू नये.

परत बसवताना खुणा जुळवा आणि टॉर्क रेंच वापरा. लोअर आर्मच्या रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळा. चाक लोंबत असताना आवळले, तर गाडी उतरवल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट करायलाच हवं.

मी तर म्हणेन, पाना उचलण्याआधी कागदावर ही फ्रेम काढा आणि प्रत्येक बोल्टपाशी एकच प्रश्न लिहा: हा काढला तर भार कुठे जाईल? उत्तर येत नसेल, तर तो बोल्ट आज काढायचा नाही.