विजेच्या गाडीचा घरगुती कंट्रोलर : बिघाड कसा शोधावा

शेतमाल वाहण्याकरितां बॅटरीवर चालणारी लहान गाडी घरीं बनवूं पाहणारे शेतकरी आतां आढळूं लागले आहेत. महाराष्ट्रांत हा विचार अगदींच नवा नाहीं. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सन २००० च्या सुमारास विजेच्या रिक्षेचा नमुना सिद्ध केला होता. मोटर व बॅटरी बाजारांत तयार मिळतात. परंतु खर्च वांचविण्यासाठीं कंट्रोलर घरीं जुळविला, कीं तो अनेकदां जळतो, आणि दर खेपेस नवा मॉस्फेट बसविण्यांत वांचलेला पैसा निघून जातो. म्हणून तपासणीचा क्रम आम्ही येथें देत आहों. विवेचन ब्रशची डी. सी. मोटर व ४८ व्होल्टांची बॅटरी धरून केलें आहे.

कंट्रोलर मोटरीचा प्रवाह दर सेकंदास हजारों वेळां जोडतो व तोडतो. जोडलेला काळ जितका अधिक, तितका वेग अधिक. हें काम मॉस्फेट करितात. मॉस्फेट बिघडला म्हणजे तो बहुधा आंतून जोडलेलाच राहतो. त्यामुळें गाडी बंद न पडतां पूर्ण वेगानें सुटते. बुजलेल्या बैलास कासरा असतो. येथें मुख्य स्विच हाच कासरा होय. तो त्या प्रवाहास पुरेल असा, डी. सी. करितां बनविलेला व चालकाच्या हाताशीं असावा. फ्यूज बॅटरीजवळ असावा. तपासणी करितांना चाकें जमिनीपासून उचलून ठेवावींत.

पहिली पायरी दिव्याची. फ्यूजच्या जागीं ट्रकचे २४ व्होल्टांचे, २१ वॅटांचे दोन दिवे एकापुढें एक जोडावे. वेगाची मूठ सोडून स्विच लाविला असतां दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. तेवढ्यांत कपॅसिटर भरतात. दिवे जळतच राहिले, तर आंत कोठें तरी थेट जोड झाली आहे असें समजावें. दिव्यांमुळें प्रवाह एका अँपियरच्या आंत राहतो व नवीन कांहीं जळत नाहीं.

दुसरी पायरी मॉस्फेटची. बॅटरी व मोटर सोडवावी आणि कपॅसिटर दिव्यावर रिकामे करावे. मल्टिमीटरनें ड्रेन व सोर्स यांमधील रोध दोन्ही दिशांनीं शून्याजवळ आला, तर मॉस्फेट गेला. अनेक मॉस्फेट समांतर असल्यास एकेक सोडवून पाहावा.

तिसरी पायरी मुठीची. मूठ सोडली असतां खुणेच्या तारेवर सुमारें ०·८ व पूर्ण पिळली असतां सुमारें ४ व्होल्ट दिसावे. मुठीची ऋण तार तुटल्यास खूण वर चढते व कंट्रोलर ती पूर्ण वेगाची आज्ञा समजतो.

चौथी पायरी गेटची. मोटर सोडलेलीच ठेवून, दिव्यांतून वीज देऊन मूठ पूर्ण पिळावी. गेटवर १० ते १२ व्होल्ट आले पाहिजेत. सहा-सातच आले, तर मॉस्फेट अर्धवट उघडतो व शेगडीसारखा तापतो. मूठ सोडतांच गेट शून्यावर यावा. त्यासाठीं गेट व सोर्स यांमध्यें दहा हजार ओहमचा रोध असावा.

पांचवी पायरी डायोडची. मॉस्फेट बंद होतांच मोटरीतील प्रवाहास फिरण्यास डायोडची वाट लागते. ती तुटली, कीं व्होल्टेज उसळून मॉस्फेट फोडतो. डायोड एकाच दिशेनें वाहतो, हें मीटरनें पाहावें. कपॅसिटर मॉस्फेटच्या अगदीं जवळ, आंखूड तारांनीं जोडावा.

शेवटीं चढणीचा हिशेब. मालासह ४०० किलो वजनाची गाडी ताशीं १० किलोमीटर वेगानें डांबरी सपाटीवर अदमासें ५ अँपियर घेते. दहास एक चढणीवर तीच ३५ अँपियर मागते. मूठ अर्धी असतां मोटरीतील प्रवाह बॅटरीच्या सुमारें दुप्पट असतो. म्हणून माहूरसारख्या डोंगराळ भागांत अंगणांतील परीक्षेवर विसंबूं नये. मॉस्फेट व त्याची थंडावणी चढणीच्या मानानें घ्यावी.

सारांश, जळालेला भाग बदलणें ही दुरुस्ती नव्हे. तो कां जळाला हें सांपडेपर्यंत दिवे काढूं नयेत व गाडीवर माणूस बसवूं नये.