हळदीचे अकरा फोटो, अकरा रंग

प्रश्न : घरच्या लग्नात हळदीच्या दिवशी मी अंगणातल्या मांडवात फोटो काढले. जागा एकच, कॅमेरा एकच, दोन-तीन मिनिटांत अकरा फोटो. तरी एकात नवरीची हळद पिवळीधमक, दुसऱ्यात फिक्कट, तिसऱ्यात तिचा चेहराच निळसर, तापातून उठल्यासारखा. व्हाइट बॅलन्स सगळा वेळ ‘ऑटो’वर होता. कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?
– एक वाचक, मालेगाव (वाशीमचं, नाशिकचं नव्हे)

उत्तर : दुरुस्तीचे पैसे वाचवा. कॅमेरा ठणठणीत आहे. त्याने अकरा वेळा अंदाज बांधला आणि दर वेळी तो नव्याने बांधला, एवढंच झालं.

अंदाज कसला? तर उजेडाच्या रंगाचा. दिवेलागणीला पिवळ्या बल्बखाली बसलात तरी अंगातला सदरा तुम्हाला पांढराच दिसतो, कारण डोळा आणि मेंदू मिळून त्या उजेडाचा पिवळेपणा वजा करून टाकतात. सेन्सरला ही सोय नाही. त्याच्यावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्या असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. दर चार ठिपक्यांमागे दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा. गाळणीतून जेवढा उजेड येईल तेवढा मोजायचा, बस. मग कॅमेऱ्यातला संगणक तांबडा आणि निळा आकडा कमी-जास्त करून पांढऱ्याला पांढरं करतो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणायचं.

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल दिसतं आणि तापत गेलं की पांढरट होतं, तोच हिशोब. मेणबत्ती साधारण १,९००, जुना पिवळा बल्ब २,७००, दुपारचं ऊन ५,५००, सावलीत सात हजारांच्या वर. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारा पांढरा एलईडी बहुधा ६,५०० चा.

आता अडचण अशी की कॅमेऱ्याला उजेड दिसतच नाही. त्याला दिसतो तो वस्तूंवर आपटून आलेला उजेड. पिवळं काही दिसलं तर दिवा पिवळा आहे की साडी पिवळी, हे त्याला कसं कळणार? म्हणून तो एक तोडगा काढतो : जगातले सगळे रंग एकत्र कालवले तर करडा रंग निघतो असं गृहीत धरायचं, आणि फोटोची सरासरी करड्याकडे ओढायची. ही युक्ती डिजिटलच्या फार आधीची आहे. कोडॅकच्याच राल्फ इव्हान्स यांना रंगीत प्रिंट सुधारण्यासाठी तिचं पेटंट १९५१ साली मिळालं होतं. लाल भिंतीपुढे लाल झबल्यातलं मूल बसवलं, की रंगीत लॅबमधून ते हिरवट चेहऱ्याचं होऊन परत यायचं. त्यामागे हेच कारण. घरातले जुने अल्बम चाळून बघा, एखादं सापडेल.

तुमच्या मांडवात हे गृहीतक कसं टिकावं? पिवळी साडी, झेंडूची तोरणं, हळदीचं ताट, वर मांडवाचं रंगीत कापड आणि त्यातून झिरपलेलं ऊन. नवरीचा जवळून फोटो घेतलात तेव्हा चौकट पिवळ्यानेच भरली. कॅमेऱ्याला वाटलं, उजेडच पिवळा आहे. त्याने निळा ओतला. हळद फिकी पडली, चेहरा निळसर झाला. एक पाऊल मागे सरलात, चुन्याची भिंत चौकटीत आली, सरासरी सावरली आणि हळद पुन्हा उजळली. हिरव्या शालूतली मामी पुढे आली असेल तर तो फोटो किंचित जांभळट दिसेल, तपासून पाहा. उजेड तोच होता. चौकटीत कोण आलं, कोण गेलं, त्यावर रंग ठरत होता. जेजुरीला सोमवती अमावस्येच्या भंडाऱ्यात ऑटोवर विसंबणाऱ्यांची हीच गत होते.

आजचे कॅमेरे आणि मोबाइल सरासरीच्या पुढे गेलेत हे खरं. ते चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, लाखो फोटोंवरून शिकवलेले असतात. तरी ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा अनेकांच्या मोबाइलनी ते करडं करून दाखवलं. माणसं खिडकीतून नारिंगी बघत होती आणि हातातल्या पडद्यावर ढगाळ सकाळ होती. असलं आकाश असू शकतं, हे त्या यंत्रांच्या हिशोबातच नव्हतं.

तुमच्या काही फोटोंत दिव्यांचाही हात असू शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळते आणि मंदावते, आणि त्या ओघात तिचा रंगही बदलतो. शटर १/५०० ठेवलंत तर त्या चढउताराचा एखादाच तुकडा हाती लागतो, दर फोटोत वेगळा. स्वस्त एलईडीची झळाळीही अशीच खालीवर होते. १/५० किंवा १/१०० वर हा त्रास बराच कमी होतो. मांडव जनरेटरवर असेल तर मात्र ५० चा नेम धरू नका.

उपाय सोपा आहे आणि माझं त्याबद्दल ठाम मत आहे : समारंभात ऑटो बंद. उजेड बघून केल्व्हिनचा एक आकडा लावा आणि जागा किंवा दिवे बदलेपर्यंत त्याला हात लावू नका. आकडा थोडा चुकला तरी चालेल. सगळे फोटो सारखेच चुकलेले असले की एका झटक्यात दुरुस्त होतात. अकरा तऱ्हांनी चुकलेले अकरा फोटो दुरुस्त करताना रात्र जाते.

अचूक हवं असेल तर ग्रे कार्ड घ्या, नवरीच्या शेजारी धरून एक फोटो काढा आणि त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावा. कार्डाऐवजी कोरा कागद धरायचा मोह होतो. झेरॉक्सच्या कागदात उन्हात निळसर चमकणारं द्रव्य असतं, त्यामुळे फोटो पिवळटाकडे झुकतात. आजोबांची पांढरीशुभ्र टोपीही चालणार नाही. तिला नीळ दिलेली असते.

दुसरं, जमेल तेव्हा रॉमध्ये काढा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याचा अंदाज भाजून पक्का होतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या उरतात. रॉमध्ये त्या चार हजारांहून अधिक असतात आणि व्हाइट बॅलन्स नंतर बदलता येतो.

हे अकरा फोटो जेपेग असतील तर ज्यात नवरीचा चेहरा आईला ओळखीचा वाटतो तो निवडा आणि बाकीचे एकेक करून त्याला जुळवा. चेहरा जुळवा, साडी नको. पुढच्या लग्नात दिवसा मांडवात ५,५०० वर सुरुवात करा, पहिले दोन फोटो मोठे करून बघा, लागेल तेवढा बदल एकदाच करा. फक्त ऊन उतरून दिवे लागले की तो आकडा बदलायला विसरू नका.