निरूपणाची रीत : विजन, दृष्टान्त आणि वाचेची अहिंसा

ज्ञान ऐकणे आणि ज्ञान सांगणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सूत्रे मुखोद्गत असणारा प्रत्येक जण निरूपणाचा अधिकारी होतोच असे नाही. सूत्र मुखी असले तरी ते श्रोत्याच्या अंतःकरणापर्यंत कसे न्यावे, ही विद्या वेगळी आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा या दृष्टीने पाहिल्या, तर काय सांगितले यासोबत कसे सांगितले याचाही धडा त्यांतून मिळतो. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम स्थानाचा विचार. आचारप्रकरणात साधकाला देशाच्या टोकाला, ओळखीच्या माणसांपासून दूर, झाडाच्या तळी आयुष्य घालविण्यास सांगितले आहे. अटन, विजन आणि भिक्षा हा त्या जीवनाचा क्रम होय. येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत. वृक्ष, नदी, डोंगर हे सारे प्रपंचात येते. म्हणून महानुभाव साधक झाडाला देव मानून त्याच्या तळी बसत नाही. मग झाडच का सांगितले ? घराला धनी असतो. मठालाही मालकीची भावना चिकटू शकते. झाडाच्या सावलीला मात्र धनी नाही. सकाळी पश्चिमेकडे असलेली सावली सायंकाळी पूर्वेकडे जाते, आणि तिच्याबरोबर आसनही सरकवावे लागते. ‘हे माझे’ म्हणण्यास तेथे आधारच उरत नाही. विजनात दुसरेही एक साधते. बोलावयास कोणी नसल्यामुळे वाचा निवते, आणि आपण दिवसभर किती निरर्थक बोलत होतो हे साधकाला कळू लागते. ज्याची वाचा विजनात निवली, त्याचेच निरूपण पुढे गावात शोभते.

आता ससेरक्षणाची लीळा पाहावी. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागोमाग पारधी आले. त्या सशावर होड लागली होती, म्हणून त्यांनी तो मागितला. स्वामींनी त्यांना शाप दिला नाही आणि पापाचा धाकही घातला नाही. हा शरण आला आहे, एवढे सांगितले. आणि मग विचारले की, रानातले गवत खाऊन आणि झऱ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्या या प्राण्याने तुमचा कोणता अपराध केला? या प्रश्नाला पारध्यांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी हिंसा सोडण्याचे कबूल केले आणि ते निघून गेले. त्यानंतर स्वामींनी सशालाही आदराने ‘महात्मा’ असे संबोधून निरोप दिला.

या लीळेतील क्रम अभ्यासण्यासारखा आहे. आधी रक्षण, मग प्रश्न, शेवटी निरोप. रक्षणाविषयी तडजोड नाही. ससा दिला नाही तो नाहीच. परंतु पारध्यांचे मन वळविताना सक्तीही नाही. जो प्रश्न केला तो पारध्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींचा होता. रान, गवत, झरा हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. त्यांच्याच ज्ञानातून त्यांना उत्तर शोधावयास लावले. धाकाने सोडलेली हिंसा धाक सरताच परत येते. स्वतःच्या विचाराने सोडलेली परत येण्यास कारण उरत नाही. आणि विशेष हे की, त्या क्षणी दोन जीव रक्षिले गेले. सशाचा देह वाचला आणि पारध्यांचा जीव हिंसेपासून वाचला. पारध्यांनाही तुच्छ न लेखणे ही वाचेची अहिंसा होय.

तिसरा विचार भाषेचा. स्वामींचा अवतार गुजरातेतील भडोचचा. तरीही त्यांनी निरूपण मराठीत केले. देवगिरीच्या यादवांच्या काळी विद्वानांचा व्यवहार संस्कृतात चाले. पुढे केशिराजबास आणि पंडित दामोदर यांच्यासारखे संस्कृतज्ञ मार्गात आले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस स्वामींनी मराठीतच निरूपिले असे सांगून मराठीतच विचारण्यास सांगितले. केशिराजबासांची संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा होती, तीही आचार्यांनी थांबविली. कारण मार्गातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला अंतरल्या असत्या. शब्द कोणासाठी उच्चारावयाचा, हे आचार्यांच्या मनात स्पष्ट होते. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले, तेही मराठीतच. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या परंपरेचे स्मरण सर्वांनाच झाले. परंतु दर्जाच्या अभिमानाबरोबर त्यामागील करुणेचेही स्मरण असावे.

महदाइसा सतत प्रश्न विचारीत. स्वामींनी त्यांच्या प्रश्नांचा कंटाळा न करता त्यांच्या जिज्ञासेचे कौतुक केले. विचारणारी स्त्री आहे किंवा पुन्हा पुन्हा विचारते आहे, म्हणून उत्तर आखडते घेतले नाही.

चौथा विचार दृष्टान्ताचा. केशिराजबासांनी दृष्टान्तपाठात ११४ दृष्टान्त सांगितले आहेत. सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असा त्यांचा क्रम आहे. त्यांतील जात्यंधांचा हत्ती सर्वपरिचित आहे. पायाला हात लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा, सोंड धरणाऱ्याला मुसळासारखा. खांब, सूप, मुसळ या वस्तू ज्या घरात नाहीत असे घर त्या काळी क्वचितच असेल. इतका गहन विषय अशा घरगुती वस्तूंनी सांगितला. आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांतील एकही आंधळा खोटे बोलत नव्हता. हाताला लागले तेवढेच तो सांगत होता. चूक झाली ती एका अवयवाला संपूर्ण हत्ती मानण्यात. डोळस मनुष्य प्रत्येकाचे म्हणणे त्या त्या अवयवाच्या ठिकाणी ठेवतो आणि मग समग्र हत्ती दाखवितो. जो दुसऱ्याच्या हाताला काय लागले हे आधी ऐकून घेत नाही, त्याला हत्ती दाखविता येत नाही.

आता हे आपल्या आचरणात कसे उतरावे ? एखादा नवा वासनिक शंका घेऊन येतो. ‘हे तुला कळणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर तो उठून जातो आणि बहुधा पुन्हा येत नाही. त्याची शंका चुकीची असेलही; परंतु त्याला दूर लोटण्याचे निमित्त आपली वाणी झाली, हा दोष सांगणाऱ्याकडे येतो. सूत्राचा अर्थ अचूक सांगूनही जीव दुरावला, तर निरूपणाचे प्रयोजन राहिले कोठे ? उलट, श्रोत्याचे मन राखण्यासाठी सिद्धान्तच सैल करणे हेही योग्य नव्हे. सशाच्या बाबतीत तडजोड झाली नाही, हे विसरू नये. सिद्धान्ती दृढता आणि वाचेत मार्दव, असे दोन्ही एकत्र हवे.

यासाठी साधकाने तीन गोष्टींचा अभ्यास करावा. निरूपणापूर्वी काही काळ एकांतात स्मरण करावे, म्हणजे वाचेतील आवेश उतरतो. श्रोता कोण, त्याचा व्यवसाय काय, त्याच्या घरी व रानात काय आहे, हे जाणून तेथूनच दृष्टान्त घ्यावा. शेतकऱ्याला बी-पेरणीतून जे कळेल ते व्यापाऱ्याला तराजूतून कळेल. आणि उत्तर देण्यापूर्वी प्रश्न पूर्ण ऐकावा. अर्ध्या प्रश्नाला दिलेले उत्तर बहुधा आपल्याच मनातील प्रश्नाचे असते.

झाडातळी बसून जी वाणी शांत झाली, ती गावात आली तरी कोणाला पोळत नाही. अशा वाणीने शरणागताचे रक्षण होते आणि विरोधकालाही विचार करण्यास अवसर मिळतो. अशी वाणी सर्व साधकांच्या ठायी वसो, हीच श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.