निद्राकालीन श्वासरोध : घरची चाचणी आणि निद्राप्रयोगशाळा

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे समजण्याची रूढी फार जुनी आहे. तोच माणूस दिवसा बसल्या जागी डुलक्या घेऊ लागला, की त्याला कुंभकर्णाची उपमा मिळते आणि घरात हशा पिकतो. परंतु रात्रीचे घोरणे मध्येच थांबून काही क्षण शांतता पसरणे, मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा घोरणे सुरू होणे आणि दिवसा झोप न आवरणे, ही सारी एकाच विकाराची लक्षणे असू शकतात. वैद्यकात या विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात; मराठीत त्याला निद्राकालीन श्वासरोध म्हणता येईल.

विकाराचे स्वरूप

झोप लागली की शरीराचे स्नायू सैल पडतात. घशाचे स्नायूही त्याला अपवाद नसतात. जीभ थोडी मागे सरते, मऊ टाळू खाली येतो आणि हवेचा मार्ग अरुंद होतो. या अरुंद मार्गातून जाणाऱ्या हवेने आजूबाजूच्या मऊ भागांना कंप सुटतो. तेच घोरणे होय. काहींच्या बाबतीत हा मार्ग पूर्णपणे मिटतो. छाती आणि मध्यपटल धडपडत राहतात, पण फुप्फुसांत हवा शिरत नाही. रक्तातील ऑक्सिजन उतरू लागतो, रक्तदाब चढतो आणि अखेर मेंदू क्षणभर जागा होऊन घशाच्या स्नायूंना ताण देतो. मार्ग खुला होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा झोप लागते. हे चक्र रात्रीतून शेकडो वेळा घडले, तरी सकाळी रोग्याला त्यातील काही आठवत नाही.

श्वास किमान 10 सेकंद बंद राहिला, तर तो एक श्वासरोध मोजतात. श्वास पूर्ण बंद न होता बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर तीही एक घटना धरली जाते. अशा घटनांची दर तासाची सरासरी हे विकाराचे माप होय. प्रौढांमध्ये ही संख्या 5 पेक्षा कमी असल्यास ती सामान्य समजतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र विकार मानला जातो. उपचाराचा निर्णय बराचसा या आकड्यावर अवलंबून असल्याने तो कसा काढला जातो, याला फार महत्त्व आहे.

प्रयोगशाळेची जडणघडण

1956 मध्ये बोस्टनच्या बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्थूल व सतत पेंगणाऱ्या एका रोग्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतील झोपाळू, लठ्ठ मुलावरून त्यांनी या लक्षणसमूहाला नाव दिले. मात्र रोगी झोपल्यावर काय घडते, याचा उलगडा 1965 मध्ये झाला. फ्रान्समधील मार्सेय आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा रोग्यांच्या झोपेची रात्रभर नोंद घेतली आणि त्यांचा श्वास वारंवार बंद पडत असल्याचे दाखवून दिले.

अशी नोंद घेण्याचे साधन तोवर तयार झाले होते. हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्लहरींचा आलेख 1929 मध्ये प्रसिद्ध केला होता. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींनी ओळखली जाणारी झोपेची अवस्था वर्णिली. आजही प्रयोगशाळेत रोग्याच्या मस्तकावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, छातीवर आणि पायांवर विद्युतग्र चिकटवतात. नाकाशी हवेचा प्रवाह मोजतात, छाती व पोटाभोवती पट्टे बांधतात आणि बोटाला ऑक्सिजनमापक लावतात. शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ रात्रभर जागा असतो. पूर्वी ही सारी नोंद कागदावर उमटे. सेकंदाला 10 मिलिमीटर या वेगाने कागद सरके, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या एका पानावर 30 सेकंद मावत. आठ तासांच्या झोपेची 960 पाने होत! कागद गेला, पण झोपेचे मोजमाप अजूनही 30 सेकंदांच्या टप्प्यांतच केले जाते.

चाचणी घरी का आली

1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण परिणामकारक उपचार प्रसिद्ध केला. नाकावरील मुखवट्यातून किंचित दाबाची हवा सतत सोडली, तर घशाचा मार्ग मिटत नाही. त्यापूर्वी तीव्र रोग्यांच्या श्वासनलिकेला गळ्यातून छिद्र पाडण्याखेरीज खात्रीचा इलाज नव्हता. उपचार सुसह्य झाल्यावर रोगी शोधण्याची निकड वाढली.

रोगी थोडेथोडके नाहीत, हेही लवकरच दिसून आले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 30 ते 60 वर्षे वयाच्या 602 नोकरदारांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. तासाला 5 किंवा अधिक घटना सुमारे 24 टक्के पुरुषांत आणि 9 टक्के स्त्रियांत आढळल्या. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास करून 2004 मध्ये असेच प्रमाण सुमारे 19.5 टक्के असल्याचे नोंदवले. दिवसाच्या झोपाळूपणासह विकार असणारे सुमारे 7.5 टक्के होते. या अभ्यासातील रात्रीची नोंद सहभागी व्यक्तींच्या घरीच घेण्यात आली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

एवढ्या लोकांना पुरतील इतक्या निद्राप्रयोगशाळा कोठेच नाहीत. भारतात त्या मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत आणि तेथील एका रात्रीचा खर्च अनेकांना झेपत नाही. शिवाय तारांनी वेढलेल्या माणसाला परक्या खोलीतील पहिल्या रात्री नेहमीसारखी झोप लागत नाही, हाही अनुभव जुनाच आहे. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर, बोटातून प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजणारी छोटी उपकरणे पुढे तयार झाली आणि घरच्या चाचणीचा मार्ग मोकळा झाला. 2008 मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने हवेच्या दाबाच्या उपचारासाठी घरच्या चाचणीचा निष्कर्ष ग्राह्य धरला.

घरच्या उपकरणाचे काम

घरी दिले जाणारे उपकरण सामान्यतः तळहाताएवढे असते. रोग्याने झोपण्यापूर्वी नाकाशी एक पातळ नळी लावायची, छातीभोवती पट्टा बांधायचा आणि बोटावर ऑक्सिजनमापक चढवायचा, एवढेच काम असते. हवेचा प्रवाह, छातीची धडपड, ऑक्सिजन, नाडी आणि बहुधा अंगाची स्थिती यांची नोंद होते. प्रवाह थांबला पण छाती हलत राहिली, तर अडथळा घशात आहे. दोन्ही थांबले, तर मेंदूकडून श्वासाची आज्ञाच आलेली नाही, हा भेदही त्यावरून कळतो. नोंद निदान चार तास तरी नीट झालेली असावी लागते. रात्रीतून नळी सुटली किंवा मापक गळून पडला, तर तो बसवणारे कोणी जवळ नसते.

जे मोजले जात नाही

तथापि या उपकरणात एक मूलभूत उणीव आहे. ते श्वास मोजते, झोप मोजत नाही. मेंदूचा आलेख नसल्याने रोगी केव्हा झोपला आणि किती वेळ कूस बदलत जागा राहिला, हे त्याला निश्चित कळत नाही.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक माणूस आठ तास अंथरुणात होता, पण झोपला सहाच तास आणि त्या काळात 96 घटना घडल्या. प्रयोगशाळेत 96 ला 6 ने भागतील. उत्तर 16, म्हणजे मध्यम विकार. घरी 96 ला नोंदीच्या 8 तासांनी भागले जाईल. उत्तर 12, म्हणजे सौम्य विकार. आता समजा, या 96 पैकी 32 घटनांत ऑक्सिजन फारसा उतरला नाही, केवळ झोप मोडली. झोप मोडल्याची खूण मेंदूच्या आलेखात दिसते, घरच्या उपकरणात नाही. उरलेल्या 64 ला 8 ने भागले की उत्तर येते 8. रोगी तोच, रात्र तीच, पण आकडा निम्म्यावर आला.

म्हणजे घरच्या चाचणीची चूक बहुतेक एकाच दिशेने होते : ती विकार वाढवून नव्हे, तर कमी करून सांगते. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्यात ऑक्सिजन फार न उतरता झोप मोडण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. आणि त्या अनेकदा घोरण्याऐवजी थकवा किंवा निद्रानाश यांचीच तक्रार करतात.

‘नाही’ या उत्तराचा अर्थ

यावरून घरची चाचणी टाकाऊ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील सात केंद्रांत 373 रोग्यांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाट संशय असलेल्यांची चाचणी घरी केली, तरी उपचाराचे फळ प्रयोगशाळेच्या तुलनेत उणे ठरले नाही. ज्याचा विकार ठळक असतो, त्याचा आकडा थोडा घटला तरी मर्यादेच्या वरच राहतो. म्हणून चाचणीने ‘आहे’ असे सांगितले, तर त्यावर भरवसा ठेवून उपचार सुरू करता येतो. प्रश्न आहे तो ‘नाही’ या उत्तराचा.

समजा, दाट लक्षणे असलेल्या 100 जणांपैकी 80 जणांना खरोखर विकार आहे आणि चाचणी दहांतील एक रोगी हुकवते. तर 72 जण सापडतील, 8 हुकतील. निरोगी 20 जणांना ‘नाही’ असे बरोबर उत्तर मिळेल. एकूण ‘नाही’ ऐकणारे 28 झाले आणि त्यांत 8 रोगी आहेत. म्हणजे चारांत एकाहून अधिक! हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांतील तत्त्व खरे आहे. लक्षणे जितकी दाट, तितके ‘नाही’ हे उत्तर कमी विश्वसनीय. यासाठीच अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत, घरच्या चाचणीत विकार आढळला नाही किंवा नोंद अपुरी राहिली, तर प्रयोगशाळेतील तपासणी करावी, असे सांगितले आहे.

काही रोग्यांना तर प्रथमपासूनच प्रयोगशाळेत पाठवावे, असेही त्या सूचना सांगतात. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर विकार, स्नायूंची दुर्बलता, पूर्वी झालेला पक्षाघात, अफूवर्गीय वेदनाशामकांचे दीर्घकाळ सेवन आणि तीव्र निद्रानाश असणारे रोगी या वर्गात मोडतात. त्यांच्यात श्वासाचे दोष गुंतागुंतीचे असतात, अथवा झोपच इतकी थोडी असते की वरील भागाकार निरर्थक ठरतो.

घरच्या चाचणीचे मोल ती कोणाची व कशासाठी केली, यावर ठरते. रात्री मालमोटार चालवणारा चालक मोठ्याने घोरतो, त्याचा श्वास थांबताना पत्नीने पाहिले आहे आणि चाकामागे बसल्यावर त्याचे डोळे मिटू लागतात. अशा माणसाच्या हाती ‘दोष आढळला नाही’ असा कागद पडला, तर तो निश्चिंत होऊन पुन्हा गाडीवर जाईल. तो कागद खोटा नसतो. उपकरणाला जे दिसले, तेच त्यावर लिहिलेले असते. पण पत्नीने पाहिलेली लक्षणे त्या कागदाने पुसली जात नाहीत. चाचणी आणि लक्षणे यांचा मेळ बसत नसेल, तर आणखी एक रात्र, आणि तीही प्रयोगशाळेत, तपासणी करणे हेच शहाणपणाचे होय.