कोरी वही घेऊन जा

चि. मुक्ता हिस,


‘आत्या, मला चित्र काढता येत नाही, फोनवर फोटो काढेन की,’ असं तू लिहिलंस. फोटो जरूर काढ. पण कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल घेतल्याशिवाय नोंदी करायला गावात पाऊल टाकू नकोस.

सोलापूरकडे ज्वारीच्या पेरणीच्या नोंदी करत होते, तेव्हा मी तिफणीचे, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचे, डझनभर फोटो घेतले होते. रात्री चित्र काढायला बसले आणि अडले. बी सोडायच्या चाड्याच्या बुडाला भोकं, त्यांतून तीन नळ्या खाली फणांपर्यंत, इथवर ठीक. पण नळी फणाच्या पुढून उतरते की मागून? दिवसभर तिफणीमागं चालूनही मी ते पाहिलंच नव्हतं. सकाळी तसंच चुकलेलं चित्र घेऊन गेले. चाड्यावर मूठ धरून बी सोडणाऱ्या आजींनी वहीत डोकावून पाहिलं. “अशानं बी उघड्यावर पडंल की गं!” म्हणत पेन्सिल घेतली आणि नळी फणाच्या मागं आणून सोडली. मग आपणहून बोलत राहिल्या. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नसताना पेरलं की ओल्या मातीनं नळी तुंबते, ओळ रिकामी जाते, आणि ती चूक उगवणीनंतर साऱ्या गावाला दिसते. नव्या सुनेला मूठ धरायला शिकवताना सासू कशी हटकायची, तेही सांगितलं. माझ्या प्रश्नावलीत यातला एकही प्रश्न नव्हता.

काही वेळा कॅमेरा काढणंच शक्य नसतं. मायकल टाउसिग या मानववंशशास्त्रज्ञाला 2006 साली कोलंबियातल्या मेडेयिन शहरात, टॅक्सीतून जाताना, बोगद्याच्या तोंडाशी माणसं आडवी झालेली दिसली. एक बाई एका माणसाला नायलॉनच्या पोत्यात शिवत होती. ते त्यानं वहीत रेखाटलं, आणि त्या एका चित्रानं त्याला इतकं धरून ठेवलं की 2011 मध्ये त्यातून अख्खं पुस्तक झालं. चित्र म्हणशील तर साधंच आहे.

चित्राखाली तारीख, वेळ, जागा लिही. भागांची नावं तिथलीच माणसं सांगतील ती घाल. मापं वितीत नि हातात घे. आठवणीतून काढलं असेल तर तसं नोंदव. कुणी दुरुस्त केलं तर आधीची रेघ मुळीच खोडू नकोस. माझ्या वहीत ती चुकलेली नळी अजून आहे, शेजारी आजींची जाड रेघ.

आणि माणसाचं चित्र काढण्याआधी त्याला विचार, काढल्यावर दाखव.

पहिलं चित्र मला टपालानं पाठव. कसंही आलं तरी.

तुझी,
आत्या